भोपळ्यातला दिवा : हॅलोविन आणि अमेरिकेतील बालविज्ञान

विज्ञान आणि भूत यांचा छत्तीसाचा आकडा, असे आपण सर्वजण गृहीत धरून चालतो. शाळा ही भूत घालविण्याची जागा. निदान ती तशी असावी अशी आपली अपेक्षा असते. म्हणून अमेरिकेतल्या कित्येक प्राथमिक शाळांत दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस भूत, वटवाघूळ, कोळी, हाडांचा सापळा आणि कोरलेला भोपळा ही सगळी मंडळी वर्गात सन्मानाने आणून बसवितात, व त्यांच्याच तोंडून मुलांना पदार्थविज्ञानाचे, रसायनाचे आणि जीवशास्त्राचे धडे देववितात, असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. ती थट्टा नाही. या प्रकाराला इतिहास आहे, आणि तो दोन अगदी निराळ्या वाटांनी चालत आलेला इतिहास आहे. एक वाट सणाची, दुसरी शाळेची. या दोन वाटा कोठे व कशा मिळाल्या आणि मिळाल्यावर मुलांच्या पदरात नेमके काय पडले, याचा थोडा तपास आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम सणाची वाट घेऊ. हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. त्यांच्या आदल्या संध्याकाळचे हे नाव. आयर्लंड, स्कॉटलंड या केल्टिक प्रदेशांत याच सुमारास हिवाळ्याच्या आरंभाचा एक जुना सण असे, आणि त्या रात्री या लोकीचा व परलोकीचा पडदा विरळ होतो अशी तेथल्या खेडुतांची समजूत होती. ख्रिस्तपूर्व काळात त्या रात्री काय काय विधी चालत याची रसभरीत वर्णने पुष्कळ पुस्तकांत सापडतात. परंतु त्यांना आधार म्हणावा असा पुरावा मूठभरच आहे. तेव्हा त्या धुक्यात आपण शिरू नये हे बरे. आपल्याला हवी आहे ती गोष्ट बरीच अलीकडची आणि पक्की आहे. ती म्हणजे तिकडची मुले सलगमाचा कंद पोखरत, त्याला डोळे-तोंड पाडून आत जळते मेणबत्तीचे खोड ठेवीत, आणि तो दिवा घेऊन गावभर लोकांना भिववीत हिंडत.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने गेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांतल्या फार मोठ्या लोंढ्याने अमेरिकेचा किनारा गाठला. बोटीतून येताना सामान फारसे नव्हते. पण चालीरीतींना बोटीचे भाडे पडत नाही. या चालीला नव्या भूमीवर भोपळा भेटला. सलगम टणक आणि भरीव. पोखरताना हात दुखून येतात. भोपळा मोठा, मऊ आणि निसर्गानेच आतून पोकळ करून ठेवलेला! शिवाय तो त्या भूमीचा अस्सल रहिवासी. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातील एका गुहेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. आपल्या परसातला तांबडा भोपळाही याच कुळातला. कोलंबसानंतर जहाजांतून मिरची, बटाटा, पेरू यांच्याबरोबर तो जगभर पसरला आणि आपल्या भाजीबाजारात इतका मुरला की आज त्याला परदेशी म्हणण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हॅलोविन म्हणजे अमेरिकेतल्या पोरांची धुळवडच झाली होती. कोणाचे फाटक उचलून न्यायचे, कोणाचा संडास पालथा करायचा, गुरे रस्त्यावर सोडून द्यायची. मिनेसोटा राज्यातल्या अनोका गावाने या उच्छादाला कंटाळून १९२० साली पोरांसाठी मिरवणूक आणि खाऊ अशी योजना केली. गावाला त्याचा आजही अभिमान आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत मोठ्या शहरांतला हा दंगा खोडसाळपणाची हद्द सोडून नासधुशीवर गेला, तेव्हा नगरपालिका, मंडळे आणि शाळा यांनी अनोकासारखाच मार्ग धरला. शाळेत सोंगे घ्या, खेळ खेळा, गोड खा आणि घरी जा. म्हणजे हॅलोविन शाळेच्या दारातून आत आला तो ज्ञानासाठी नव्हे, बंदोबस्तासाठी! महायुद्धात साखरेवर नियंत्रण आले आणि खाऊ मागत फिरण्याची चाल मंदावली; १९४७ साली नियंत्रण उठल्यावर ती दुप्पट जोराने परतली. १९५० पासून मुलांनी त्या रात्री संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठी नाणीही गोळा करण्यास आरंभ केला. अशा रीतीने सण सभ्य झाला, वर्गाच्या भिंतींवर काळ्या-केशरी कागदाची वटवाघळे लटकू लागली. मात्र त्यांच्याकडे पाहून कोणी प्रश्न विचारीत नव्हते.

आता शाळेची वाट. लहान मुलाला आधी वस्तू द्या, मग शब्द द्या, हे तत्त्व स्वित्झर्लंडच्या पेस्टालॉझीने शिकविले. त्याचा मृत्यू १८२७ चा. हे तत्त्व इंग्लंडच्या मार्गाने अमेरिकेत पोचले ते न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो या लहानशा शहरात. तेथील शाळांचा प्रमुख एडवर्ड शेल्डन १८५९ साली टोरांटोला गेला असता त्याने तेथील संग्रहालयात वस्तुपाठांचे साहित्य पाहिले. तो भारावून गेला आणि साहित्य घेऊनच परतला. १८६१ साली त्याने शिक्षकांना या पद्धतीचे शिक्षण देणारी शाळा उघडली. पेस्टालॉझीच्या एका सहकाऱ्याचा मुलगा हेर्मान क्र्यूझी पुढे तेथे शिकवू लागला, म्हणजे गंगोत्रीचेच पाणी. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांच्या तोंडी असलेला ‘वस्तुपाठ’ हा शब्द याच चळवळीचे अपत्य आहे. आज आपण एखाद्याचे आयुष्य म्हणजे त्यागाचा वस्तुपाठ असे म्हणतो तेव्हा मूळच्या पाठात टेबलावर लिंबू, काच किंवा शिंपला ठेवलेला असे, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

परंतु या पद्धतीचे जे झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वर्गात वस्तू आली, आणि पाहता पाहता तिच्याविषयीचे शब्दच मुख्य होऊन बसले. ‘काच पारदर्शक आहे, काच ठिसूळ आहे’ असे चाळीस मुले एका सुरात म्हणत आहेत आणि काचेला हात मात्र गुरुजींचाच लागतो आहे, अशी अवस्था आली. डिकन्सने १८५४ सालच्या आपल्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरीत अशा शिक्षणाची यथेच्छ टर उडविली आहे. घोड्यांत वाढलेल्या मुलीला तेथे घोड्याची व्याख्या येत नाही म्हणून अडाणी ठरवितात. हातात दिलेली वस्तू हातातून सुटून पुन्हा फळ्यावर जाते, हा रोग शिक्षणाला वरचेवर जडतो. पुढेही तो आपल्याला भेटणार आहे.

त्यावर उतारा म्हणून जी दुसरी लाट आली ती सृष्टिनिरीक्षणाची. लुई आगासी या प्राणिशास्त्रज्ञाने १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीझ नावाच्या बेटावर शिक्षकांना नेऊन मासे, शिंपले, समुद्रफुले त्यांच्या पुढ्यात टाकली. परंतु ही दृष्टी प्राथमिक शाळांपर्यंत नेण्याचे श्रेय आम्ही ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक या बाईंना देऊ. १८९० नंतर न्यूयॉर्क राज्यात शेती बुडीत चालली होती, खेड्यांतली तरुण पिढी शहराकडे धावत होती. मुलांना रानाची, शेताची गोडी लागली तर ती गावात टिकतील, अशा हिशेबाने कॉर्नेल विद्यापीठाला सरकारी पैसा मिळाला आणि लिबर्टी हाइड बेली यांच्या पुढाकाराने खेडोपाडीच्या शिक्षकांसाठी पत्रके निघू लागली. मुले गावात टिकली नाहीत. हेतू फसला, पण पत्रके राहिली, आणि त्यांतून १९११ साली कॉमस्टॉकबाईंचा सृष्टिनिरीक्षणावरचा जाडजूड ग्रंथ तयार झाला. पुढील तीसएक वर्षांत त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

हा ग्रंथ उघडून पाहावा. वटवाघूळ, कोळी, भेक, घुबड : हॅलोविनच्या रात्री चेटकिणीच्या झोळीत शोभणारे सारे प्राणी त्यात आहेत, आणि एकही भुताचा नाही. प्रत्येक पाठात माहिती थोडी आणि प्रश्न फार. कोळी जाळ्याचा कोणता धागा आधी घालतो? भेक जेवताना डोळे का मिटतो? वटवाघळाचे पंख कोठून कोठपर्यंत ताणलेले आहेत? मुलाने जाऊन पाहिल्याखेरीज उत्तर देता येऊ नये अशीच प्रश्नांची बांधणी आहे. आणि शिक्षकाला बाईंचे सांगणे असे की, उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ असे खुशाल म्हणावे आणि मुलांबरोबर शोधायला निघावे. विद्यापीठातले पंडितही तेच करतात. १९११ साली एका प्राथमिक शिक्षिकेला असे अभय देणे ही लहान गोष्ट नव्हती. आमच्या मते या विषयातले सर्वांत धीट वाक्य तेच आहे, आणि ते आजही पुष्कळ शिक्षकांच्या घशातून बाहेर पडत नाही.

या दोन वाटांखेरीज एक आडवाटही आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. भुते दाखवून विज्ञान शिकविण्याचा धंदा शाळेआधी रंगभूमीवर चालला. लिएजचा रॉबेर, जो पुढे रॉबर्टसन म्हणून गाजला, मुळात पदार्थविज्ञानाची व्याख्याने देणारा. १७९८ साली त्याने पॅरिसमध्ये जादूच्या कंदिलाने भुते उठविण्याचे प्रयोग सुरू केले व पुढे एका ओसाड मठात ते नेले. राज्यक्रांतीतला रक्तपात ताजा होता. धुरावर उमटलेले मृतांचे चेहरे पाहून लोकांची बोबडी वळे. गंमत अशी की रॉबर्टसन प्रेक्षकांना हा दृष्टिभ्रम आहे असे बजावीत असे. लंडनमध्ये २४ डिसेंबर १८६२ रोजी रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत प्राध्यापक पेपर यांनी, हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून, रंगमंचावर जिवंत माणसाशेजारी पारदर्शक भूत उभे केले. मध्ये एक मोठी तिरपी काच, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात उजेडात उभा असलेला नट. बस्स, एवढेच भांडवल. आजही वर्गात हा प्रयोग दोन आण्यांत होतो. एक काच उभी धरा, तिच्यापुढे जळती मेणबत्ती ठेवा, आणि काचेमागे तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवा. मेणबत्ती पाण्यात जळताना दिसते. मग मुलांना पेला मागेपुढे सरकवू द्यावा. ज्योत पाण्यातून केव्हा निसटते, केव्हा परत येते, हे मोजता मोजता वस्तू आरशापुढे जितकी दूर तितकीच तिची प्रतिमा आरशामागे दूर, हा नियम त्यांच्या हाती लागतो.

भूत दाखवायचे आणि लगेच त्याची कळ उघडी करायची, ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली स्थापन झालेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या वतीने गावोगावच्या शाळांत हेच केले. मंत्राने पेटणाऱ्या अग्नीमागे रसायन कोणते आहे ते मुलांना दाखविले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. भुताची कळ उघडी करणे हा सर्वत्र केवळ खेळच असतो असे नाही, एवढे येथे नोंदवून आम्ही पुन्हा अमेरिकेकडे वळतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. आपल्या शाळांत विज्ञान नीट शिकवीत नाहीत असा एकच ओरडा झाला. १९५८ च्या कायद्याने शिक्षणासाठी पैशाचे दार उघडले आणि मोठमोठे शास्त्रज्ञ चक्क प्राथमिक शाळांच्या बाकांवर येऊन बसले. बर्कलेत रॉबर्ट कार्प्लस हे पदार्थवैज्ञानिक, मॅसॅच्युसेट्समध्ये फिलिप मॉरिसन आणि तत्त्वज्ञ डेव्हिड हॉकिन्स. हॉकिन्स यांच्या गटाचे नाव ‘एलिमेंटरी सायन्स स्टडी’. १९६० मध्ये निघालेल्या या गटाने मुलांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले नाही. त्यांनी पेट्या भरल्या. एका पेटीत बॅटऱ्या, तारा व दिवे, दुसरीत हाडे, तिसरीत पांढरी चूर्णे. हॉकिन्स यांनी १९६५ साली एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले की, आरंभी काही दिवस मुलांना साहित्याशी निर्हेतुक वाटावे असे खेळू दिले पाहिजे. हा वेळ वाया जात नाही, पुढचे सारे प्रश्न त्यातूनच उगवतात.

त्या पांढऱ्या चूर्णांविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आजच्या हॅलोविन-विज्ञानातला सर्वांत सकस प्रकार आम्हांला तोच वाटतो. पाच वाट्या. साखर, मीठ, खाण्याचा सोडा, पिठूळ स्टार्च आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. नावे सांगायची नाहीत, चव घ्यायची नाही. मुलांनी भिंगातून पाहायचे, बोटांत चोळायचे, पाणी घालायचे, आयोडीनचा थेंब टाकायचा, व्हिनेगर टाकायचे, थोडे चूर्ण चमच्यात घेऊन ज्योतीवर धरायचे. एक फसफसते, एक काळेनिळे होते, एक वितळून तपकिरी पडते आणि त्याचा वास येतो, एक दगड होऊन बसते. मुले तक्ता करतात. मग खरी परीक्षा : शिक्षिका दोन चूर्णे मिसळून देते, पुढे तीन. या मिश्रणात काय आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय *नाही*, हे तुम्ही कशावरून म्हणता? येथे आठ-नऊ वर्षांचे मूल पुराव्याने बोलू लागते. आज याच पाठाला चेटकिणीच्या चूर्णांचे नाव देऊन ऑक्टोबरात करतात. नावाने पाठ बिघडत नाही. मुलांना उलट गोडी वाटते.

या चळवळीचे एक नाते आपल्यापर्यंतही येते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शाळांसाठी युनेस्कोने १९४८ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली होती. उपकरणे नाहीत तर डबे, बाटल्या, सुतळी यांतून ती कशी करावीत, हे सांगणारी. तिचाच विस्तार होऊन १९५६ साली विज्ञानशिक्षकांचे जे जाडे साधनपुस्तक निघाले ते गरीब-श्रीमंत साऱ्या देशांत पोचले. पुण्याच्या आयुकातील केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी वर्षानुवर्षे मुलांकडून करवून घेतली ती याच जातकुळीची आहेत.

मग या पेट्यांचे पुढे काय झाले? जे होते तेच झाले. पेटीतली चूर्णे संपतात, तारा तुटतात, आणि त्या पुन्हा भरण्याची तरतूद कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. ज्या शिक्षिकांना हे शिकविले होते त्या बदलून गेल्या. १९७० नंतर ‘आधी वाचन, लेखन, गणित’ अशी हाक उठली, पैसा आटला. २००२ च्या आरंभी तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचनाची व गणिताची परीक्षा घेण्याचा कायदा आला. विज्ञानाची परीक्षा २००७-०८ पासून, आणि तीही प्रत्येक टप्प्यात एकदाच. ज्याची परीक्षा त्याचा तास, हा न्याय सर्व देशांत सारखाच चालतो. प्राथमिक वर्गातून विज्ञान हळूहळू हद्दपार होऊ लागले.

आणि येथे आपल्या दोन वाटा मिळतात. वेळापत्रकात विज्ञानाला जागा उरली नव्हती, पण सणाला होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारची दुपार कोणताही परीक्षाधिकारी मागत नाही. मुले त्या दिवशी शुद्धलेखनाला बसतही नाहीत. हुशार शिक्षकांनी हे हेरले. बंदोबस्तासाठी दिलेल्या त्या तासात त्यांनी विज्ञान मागल्या दाराने आत घेतले. बर्कलेच्या ‘लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स’ने १९८५ मध्ये मक्याच्या स्टार्चच्या त्या चमत्कारिक लगद्यावर एक पूर्ण पाठमाला रचली, मूठ आवळली की घट्ट, सोडली की ओघळ. लगद्याचे नाव डॉ. सूस यांच्या १९४९ च्या एका बालपुस्तकातून घेतलेले. मुलांनी या पदार्थाचे नियम शोधायचे, परिषद भरवून त्यांवर वाद घालायचा, आणि त्या पदार्थाच्या समुद्रावर उतरणारे यान कसे असावे ते आखायचे. हॅलोविनला हाच लगदा हिरवा करून देतात. पदार्थ घन की द्रव या प्रश्नावर सात वर्षांची मुले भांडत आहेत, यापेक्षा अधिक काय हवे?

वटवाघळाचेही तसेच. स्पालान्झानी या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने १७९३ च्या सुमारास पाहिले की, गडद अंधारात घुबड धडपडते पण वटवाघूळ धडपडत नाही. डोळे गेलेले वटवाघूळही नीट उडते. जिनिव्हाच्या ज्यूरीनने त्याचे कान बंद केले तेव्हा ते आपटू लागले. कानाने पाहणारा प्राणी! पंडितांना ते पटेना, आणि प्रश्न सुमारे दीडशे वर्षे तसाच पडला. १९३८ मध्ये हार्वर्डच्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारे यंत्र वटवाघळापुढे धरले, आणि ज्याला आपण मुके समजत होतो तो प्राणी सारखा ओरडतो आहे असे दिसून आले. वर्गात एका मुलाचे डोळे बांधून, टाळीला टाळी देणाऱ्या ‘पतंगा’ला पकडण्याचा खेळ खेळवितात तो याच इतिहासाचा. आणि येथे खेळापलीकडचीही गोष्ट आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी आढळली. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत लक्षावधी वटवाघळे त्या रोगाने मेली. म्हणून ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आता वटवाघूळ-सप्ताह म्हणून पाळतात. ज्या प्राण्याला भिंतीवर भीतीसाठी टांगले होते त्याच्याविषयी काळजी वाटायला मुले त्याच भिंतीखाली शिकत आहेत.

परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हॅलोविन-विज्ञान म्हणजे नुसता तमाशा असतो. भोपळ्याच्या तोंडातून फेस उसळतो, घन कार्बन डायऑक्साइडचे धुके टेबलावरून खाली वाहते, मुले ओरडतात, टाळ्या वाजतात, घंटा होते. काय झाले? ‘मज्जा झाली.’ फेस कशाचा, धुके वर का जात नाही, ते थंड का, ते खरे पाहता पाण्याचे बारीक कण आहेत की तो वायूच दिसतो आहे, हे कोणी विचारले नाही. विचारायला वेळही नव्हता. ऑस्वेगोत काचेचे जे झाले तेच येथे फेसाचे झाले. तेथे वस्तूची जागा शब्दांनी घेतली, येथे टाळ्यांनी. वस्तू दोन्हीकडे शिक्षकाच्याच हातात. शिवाय असा तमाशा दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा मोठा करावा लागतो, आणि त्यात धोका आहे. उणे ७८ अंशांचा तो बर्फ बोटाला चटका देतो, बंद बाटलीत कोंडला तर बाटली फोडतो. मद्यार्कावर रंगीत ज्वाला दाखविण्याच्या प्रयोगांत शाळकरी मुले भाजल्यामुळे अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाला २०१३-१४ मध्ये जाहीर इशारे द्यावे लागले.

सुरक्षेचाही अतिरेक होतो, तो असा : भोपळ्यातली मेणबत्ती जाऊन आता बहुतेक वर्गांत बॅटरीचा दिवा आला आहे. त्यात आग लागण्याचे भय नाही हे खरे. पण फॅरेडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली होती. न कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती ठेवून झाकण लावले तर ती विझते. तोंड कोरले की जळत राहते. झाकणाच्या आतल्या बाजूला काजळी धरते. हे तीन धडे बॅटरीबरोबर गेले. शिक्षिकेने एकदा तरी, पाण्याची बादली शेजारी ठेवून, खरी ज्योत दाखवावी असे आम्हांला वाटते.

सणाच्या नावाविषयीही वाद आहे. काही ख्रिस्ती पंथांना व कुटुंबांना भुताखेतांचा हा उत्सव मान्य नाही. इतर धर्मांच्या पालकांनाही तो आपला वाटेलच असे नाही. सरकारी शाळा सर्वांची, तेव्हा अनेक ठिकाणी ‘सुगीचा उत्सव’ असे नाव घेऊन भुताला रजा दिली आहे. भोपळा मात्र राहिला. आमच्या दृष्टीने हा तोटा फारसा नाही, कारण शिकविण्याजोगे बहुतेक सारे भोपळ्यातच आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर काही वर्षी हा भोपळा आणि पणती एकाच आठवड्यात येतात. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. भोपळ्यात बसून लेकीकडे निघालेली म्हातारी ज्या मुलांना आजीकडून ठाऊक आहे त्यांना पोकळ भोपळ्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. तरीही, हा एवढा जड भोपळा पाण्यात टाकला तर बुडेल की तरंगेल असे विचारले की तीही इतरांसारखीच ‘बुडेल’ म्हणतात. टाकून पाहतात तो तरंगतो. मग तो कापायचा. मोठ्यात बिया अधिक की लहानात? अंदाज फळ्यावर लिहायचे, बिया दहा-दहांच्या राशींनी मोजायच्या. पुष्कळदा लहान भोपळा मोठ्याला हरवितो, आणि वर्ग अस्वस्थ होतो. मग कोणीतरी बाहेरच्या रेघा मोजू लागते.

काही शिक्षिका सण संपल्यावर कोरलेला भोपळा फेकून देत नाहीत. परातीत ठेवून तो खिडकीशी मांडतात, आणि मुले दर सोमवारी त्याचे चित्र काढतात, सुतळीने घेर मोजतात, वजन करतात. पहिल्या आठवड्यात कडा आत वळतात. मग डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरा कापूस, नंतर काळे-हिरवे ठिपके. तोंड मिटत जाते, कपाळ खचते. कोणाला बुरशी नकोशी वाटते, कोणी भिंग घेऊन तिच्यावरच ठाण मांडते. वास सुटू लागला की शाळेच्या झाडूवाल्याशी तह करावा लागतो, आणि परात झाकण असलेल्या काचेच्या टाकीत जाते. डिसेंबरपर्यंत भुताचा चेहरा ओळखू येईनासा होतो. आत विसरलेल्या एखाद्या बीला तोवर कोंब फुटलेला असतो, आणि तो कुंडीत कोणी लावायचा यावरून वर्गात नवे भांडण सुरू झालेले असते.